म्युझिकल सिनेमे: काही डोक्यावर घेतले जातात, काही डोक्यात जातात

टॉम हूपर या ब्रिटिश दिग्दर्शकाने सात वर्षांच्या अंतराने दोन म्युझिकल सिनेमे केले. २०१२ साली ‘ले मिझराब्ल’ आणि २०१९ साली ‘कॅट्स’. दोन्ही मूळची रंगभूमीवरची, दोन्ही लंडनमध्ये वर्षानुवर्षं चाललेली, दोन्हींच्या लंडनमधल्या प्रयोगांमागे कॅमेरून मॅकिंटॉश हा एकच निर्माता. पहिल्या सिनेमाने जगभरात ४४ कोटी डॉलर्सचा धंदा केला आणि अ‍ॅन हॅथवेला ऑस्कर मिळवून दिलं. दुसऱ्याची इतकी टिंगल झाली की सिनेमा लागल्यावर स्टुडिओने दुरुस्त केलेली प्रत थिएटरांना पाठवली. दिग्दर्शक तोच, नट नावाजलेले, पैशाला तोटा नाही. मग बिनसलं कुठे?

हे समजून घ्यायचं तर आधी म्युझिकल ही काय चीज आहे ते पाहायला हवं, कारण आपला घोळ तिथेच होतो. सिनेमात गाणी असण्याचं आपल्याला अप्रूप नाही. पण आपल्या बऱ्याच सिनेमांत गाणं सुरू झालं की गोष्ट बाजूला उभी राहते. नायक-नायिका बर्फात जाऊन पाच पोशाख बदलून येतात आणि परततात तेव्हा गोष्ट होती तिथेच असते. मध्ये उठून चहा घेऊन आलात तरी काही बुडत नाही. ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, वळणाच्या म्युझिकलमध्ये गाण्याच्या वेळी उठलात तर पुढचं कळणार नाही, कारण गाणं हाच तिथे प्रसंग असतो. पात्र गाण्यात शिरतं तेव्हा त्याच्या मनात एक असतं आणि गाणं संपतं तेव्हा त्याने काहीतरी ठरवलेलं असतं, कबूल केलेलं असतं किंवा गमावलेलं असतं.

सुरुवातीच्या अर्ध्या तासात मुख्य पात्राने ‘मला आयुष्यात काय हवंय’ हे गाऊन सांगायचं, हा तर तिथला जवळपास नियमच आहे. १९३९ सालच्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये ज्युडी गार्लंडची डोरोथी कॅन्ससच्या शेतावर उभी राहून इंद्रधनुष्याच्या पलीकडच्या जागेबद्दल गाते, ते याच जातीचं गाणं. सुरुवातीच्या चाचणी खेळांनंतर स्टुडिओतल्या काही साहेबांना हे गाणं सिनेमाची गती अडवतं असं वाटलं आणि ते कापायची तयारी झाली होती. कापलं असतं तर डोरोथीला नक्की कशाची ओढ आहे हेच कुणाला कळलं नसतं. पुढचा सगळा प्रवास म्हणजे नुसती भटकंती झाली असती.

मराठी माणसाला याच्या जवळचं काही माहीत असेल तर ते संगीत नाटक. १८८० साली किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हापासून पात्राने बोलता बोलता पदावर यावं हे आपल्याला मान्य आहे. एक फरक मात्र मोठा आहे. आपल्याकडे पद रंगलं की ‘वन्स मोअर’ येतो, गायक नट आलापात शिरतो, आणि शकुंतला काय की भामिनी काय, तेवढा वेळ खोळंबते. कुणाचीच तक्रार नसते, कारण लोक गायकीसाठीच आलेले असतात. ब्रॉडवेच्या गाण्याची बांधणी संवादासारखी घट्ट असते. एकदा निर्णय झाला की झाला, तोच निर्णय पुन्हा कसा घेणार?

आता खरी अडचण. हे सगळं रंगमंचावर चालतं, कारण तिथे सगळंच खोटं आहे हे आपण तिकीट काढतानाच मान्य केलेलं असतं. पुठ्ठ्याचं झाड, रंगवलेलं आकाश, त्यात माणूस गायला लागला तर काय बिघडलं? कॅमेरा मात्र खरा रस्ता, खरा पाऊस, खरा घाम दाखवतो. त्यात भर म्हणजे तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून फेकलेला आवाज आणि हातवारे त्या अंतरावरून आरडाओरडा वाटतात. म्हणून प्रत्येक म्युझिकल सिनेमाला एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: हा माणूस इथे, आत्ता, का गातोय? जमलेल्या सिनेमांनी या प्रश्नाचं काही ना काही उत्तर काढलेलं असतं. उत्तर कोणतंही चालतं, पण ते लागतंच.

सर्वांत सुंदर उत्तर मला १९५२ सालच्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये दिसतं. पात्रं मुळात नाचगाणी करणारीच आहेत, काळ मूकपट संपून बोलपट येण्याचा. पण ते पावसातलं गाणं काही शूटिंगचा भाग नाही. प्रेयसीला दारात सोडून जीन केली घरी निघालाय. तो काय करतो ते एकदा नीट पाहा. वाट पाहत उभ्या असलेल्या गाडीला तो हातानेच जायला सांगतो. छत्री डोक्यावर धरून चालायला लागतो. चालता चालता गुणगुणतो, अजून शब्द नाहीत. मग खांदे उडवतो, छत्री मिटतो, भिजू लागतो, आणि तेव्हा कुठे शब्द येतात. नाच त्याच्याही नंतर. चालणं, गुणगुणणं, गाणं, नाचणं अशा एकेका पायरीने तो आपल्याला वर नेतो, त्यामुळे शेवटी तो डबक्यात थयथयाट करतो तेव्हा आपल्याला काहीच विचित्र वाटत नाही. आणि नेमक्या त्या क्षणी एक पोलीस येऊन त्याच्याकडे बघत उभा राहतो. म्हणजे हे वागणं जगावेगळं आहे याची जाणीव सिनेमालाही आहे. केली वरमतो, सावरतो, एका वाटसरूच्या हातात छत्री देतो आणि चालू लागतो. सत्तर वर्षं उलटली, पण सुख झालेला माणूस कसा गायला लागतो याचा इतका मुद्देसूद खुलासा नंतर कुणी केलेला मला तरी माहीत नाही.

बॉब फॉसीने ‘कॅबरे’त (१९७२) उलट केलं. गाणी क्लबच्या मंचावरच ठेवली, मूळ नाटकात पात्रं घरात-रस्त्यावर गात होती ती पदं काढून टाकली. बर्लिनमधला नाझी उदयाचा काळ आहे, आत नाचगाणी चालली आहेत, बाहेर मारझोड. मंचाबाहेर घडणारं एकच गाणं आहे. उघड्यावरच्या बिअर गार्डनमध्ये एक गोरागोमटा पोरगा गोड आवाजात गातो. आधी फक्त चेहरा दिसतो, मग कॅमेरा खाली उतरतो आणि दंडावरची स्वस्तिकाची पट्टी दिसते. एकेक करून सगळे उठून गाऊ लागतात, एक म्हातारा तेवढा बसून राहतो. बाकी सगळीकडे नियम पाळल्यामुळे इथला नियमभंग अंगावर येतो. या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली.

‘शिकागो’ने (२००२) तिसरी वाट धरली: गाणी नायिकेच्या डोक्यात घडतात. वकील पत्रकार परिषदेत बोलतोय, पण रॉक्सीला तो बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणारा दिसतो आणि ती स्वतः त्याच्या मांडीवरची बाहुली. युक्ती झकास, सिनेमाही झकास. १९६८ सालच्या ‘ऑलिव्हर!’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा हा पहिलाच संगीतपट. माझी तक्रार त्याच्या वारशाबद्दल आहे. गाणं आलं की ‘हे खरं नाही हं, मनातलं आहे’ असं म्हणायची सवय पुढच्या दिग्दर्शकांना लागली. गाण्याची लाज वाटत असेल तर संगीतपट करावाच कशाला?

हूपरने ‘ले मिझराब्ल’मध्ये लाज सोडली, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. एरवीची रीत अशी की गाणं आधी स्टुडिओत ध्वनिमुद्रित करायचं आणि सेटवर नुसते ओठ हलवायचे. त्याने नटांना सेटवरच गायला लावलं. कानात बारीक यंत्र, त्यातून पियानो ऐकू येणार, आणि पियानोवाला नटाच्या कलाने वाजवणार. वाद्यवृंद नंतर चढवला. यामुळे नटाला श्वास घ्यायची, थांबायची, रडण्यात शब्द गिळायची मोकळीक मिळाली. त्याने दुसरीही एक शहाणी गोष्ट केली. हॅथवे झालीय फॅन्टीन, कारखान्यात राबणारी गरीब बाई. तिचं ‘आय ड्रीम्ड अ ड्रीम’ हे गाणं नाटकात नोकरी गेल्या गेल्या येतं. सिनेमात ते केस विकून, दात विकून, शरीर विकून झाल्यावर येतं. आधी ते भविष्याच्या भीतीचं गाणं होतं, आता ते सगळं संपल्यावरचं झालं. कॅमेरा चेहऱ्यावरून हलत नाही. कातरलेले केस खरे तिचेच आहेत. ते गाणं बघताना मी सिनेमाचे सगळे दोष माफ करतो.

दोष आहेतच. तोच क्लोजअप अडीच तास, प्रत्येकाला. रसेल क्रोचा जावेर्त गाताना इतका अवघडलेला दिसतो की कायद्याचा कर्दनकाळ शाळेच्या स्नेहसंमेलनात ढकलला गेलाय असं वाटतं. लोकांनी सिनेमा उचलून धरला हे खरं, पण तो हॅथवेच्या आणि मूळ संगीताच्या जिवावर, असं माझं मत आहे.

आणि इथेच ‘कॅट्स’चं मूळ सापडतं. हूपरने तीच भट्टी पुन्हा लावली: सेटवर प्रत्यक्ष गायन, चेहऱ्याला चिकटलेला कॅमेरा. पण ‘कॅट्स’मध्ये फॅन्टीन नाही. टी. एस. एलियटच्या बालकवितांवर अँड्र्यू लॉइड वेबरने बांधलेला तो एक नृत्याचा मेळा आहे. मांजरं एकामागून एक येतात, आपली ओळख करून देतात, शेवटी एकीची निवड होते. बस्स, गोष्ट एवढीच. लंडनमध्ये हे एकवीस वर्षं चाललं ते नाचणाऱ्यांच्या अंगातल्या लवचिकतेवर. घट्ट कपडे आणि रंगवलेला चेहरा घातलेला तो माणूसच आहे हे प्रेक्षकाला दिसत असतं, आणि मांजर त्याने स्वतःच्या मनाने पुरवायचं असतं.

सिनेमाने ते पुरवायचं काम संगणकाकडे दिलं. अंगावर लव, हलणारे कान, शेपटी, आणि मध्ये जुडी डेंचचा ओळखीचा चेहरा. आता मनाने पुरवायला काही उरलं नाही, नुसतं बघत बसायचं. नाच कुठे खरा आणि कुठे संगणकाचा हेही कळेना. रेबेल विल्सन माणसाच्या तोंडाची झुरळं कवायत करता करता उचलून खाते तो प्रसंग ज्यांनी पाहिलाय त्यांना अधिक सांगायची गरज नाही. पहिल्या प्रतीत एका दृश्यात डेंचचा माणसाचा हात आणि त्यावरची अंगठी तशीच राहून गेली होती. जेनिफर हडसन ‘मेमरी’ गाते तेव्हा कॅमेरा पुन्हा हॅथवेच्या वेळेसारखाच जवळ जातो, डोळे वाहतात, नाकही वाहतं. पण तिचं दुःख काय ते आपल्याला नीट सांगितलेलंच नसतं, म्हणून रडण्यापेक्षा रुमाल द्यावासा वाटतो. खर्च साडेनऊ कोटी डॉलर्सच्या आसपास, जगभरातून आले साडेसात कोटींच्या घरात.

गाण्याची जागा बदलली की अर्थ बदलतो, याचं आणखी बोलकं उदाहरण ‘वेस्ट साइड स्टोरी’चं. १९५७ सालच्या नाटकात पहिला अंक टोळीयुद्धाने संपतो. दोघे मेलेले असतात, त्यातला एक मारियाचा सख्खा भाऊ, आणि त्याला मारणारा तिचाच प्रियकर टोनी. पडदा पडतो. दुसरा अंक उघडतो तर मारिया आरशासमोर मी किती सुंदर, किती आनंदात म्हणून बागडतेय. तिला काही माहीत नाही, आपल्याला सगळं माहीत आहे. गाणं जितकं हलकंफुलकं, तितकं ते ऐकवत नाही. १९६१ सालच्या सिनेमाने हे गाणं मारामारीच्या आधी नेलं. तिथे ते नुसतं गोड गाणं उरलं. या सिनेमाला दहा ऑस्कर मिळाली, त्यातला नाच आजही बघत राहावा असा आहे, पण ही अदलाबदल मला कधी पटली नाही.

स्पीलबर्गने २०२१ साली गाणं परत मारामारीच्या नंतर ठेवलं. वर त्याची मारिया रात्रपाळीला एका मोठ्या दुकानात साफसफाई करते. हातात फडका, आजूबाजूला श्रीमंत बायकांच्या कपड्यांत उभे केलेले पुतळे, आणि ही त्यांचे स्कार्फ गळ्यात टाकून मिरवतेय. भाऊ मेलाय हे तर आहेच, शिवाय या देशात आपली जागा कोणती हेही तिला कळलेलं नाही. एका गाण्याला दुहेरी धार आली. १९६१च्या सिनेमात अनिता झालेली रिटा मोरेनो यात म्हातारी दुकानदारीण आहे, आणि प्रेमिकांचं ‘समव्हेअर’ हे गाणं तिच्या थकलेल्या आवाजात दिलंय. माझ्या लेखी हा आधीच्यापेक्षा सरस सिनेमा. धंद्यात मात्र साफ आपटला. दहा कोटी डॉलर्स खर्च, जमा त्याहून कमी. कोविडच्या साथीमुळे थिएटरात न फिरकलेला वयस्क प्रेक्षक, अनोळखी नायक-नायिका, जुनी गोष्ट, कारणं काहीही द्या. सिनेमा पडला म्हणजे फसला असं मानणाऱ्यांनी तो एकदा बघावा.

आवाजाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. नटाने स्वतःच गायला हवं हा आग्रह आपल्याला गमतीचा वाटतो. लताबाईंच्या आवाजात तीन पिढ्यांच्या नायिका गायल्या, कुणाला खटकलं नाही. हॉलिवूडमध्ये हे काम चोरून चालायचं. ‘वेस्ट साइड स्टोरी’त नॅटली वूडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’त (१९६४) ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायली, पण श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. त्यात ‘माय फेअर लेडी’ची नायिका एलायझा ब्रॉडवेवर गाजवलेल्या ज्युली अँड्र्यूजला डावलून हेपबर्नला घेतलं होतं. अँड्र्यूजने त्याच वर्षी ‘मेरी पॉपिन्स’साठी ऑस्कर नेलं, हेपबर्नला नामांकनसुद्धा नाही. त्यातला नायक रेक्स हॅरिसनची तऱ्हा वेगळीच. तो धड गायचा नाही, तालात बोलायचा, आणि दोनदा एकसारखं कधी बोलायचा नाही. मग त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन लपवून सेटवरच ध्वनिमुद्रण केलं. हॅथवेच्या कानातल्या यंत्राचा हा पणजोबा.

‘माय फेअर लेडी’ बेतलीय बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावर. हीच कथा पुलंनी १९७५ साली ‘ती फुलराणी’त आणली तेव्हा गाण्यांचा सोस धरला नाही. एलायझा चिडून गाते त्या जागी मंजुळाला ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे ठेक्यातलं स्वगत दिलं, आणि भक्ती बर्वेंनी ते अजरामर केलं. भावना गाण्याइतकी तापली की माणूस तालात येतो, मग सूर असो नसो.

मराठीत नाटकावरून केलेला जमलेला संगीतपट म्हणून ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) सांगता येईल. १९६७ सालच्या दारव्हेकरांच्या नाटकाला अभिषेकीबुवांचं संगीत आणि वसंतरावांचे खाँसाहेब. म्हणजे हात लावायला छाती हवी. सुबोध भावेंनी काही पदं ठेवली, शंकर-एहसान-लॉय यांच्याकडून नवी करून घेतली. पण ‘हा माणूस का गातोय’ हा प्रश्न तिथे उद्‌भवतच नाही, कारण सगळे गवईच आहेत आणि भांडणच गाण्यावरून आहे. जीन केलीच्या नटमंडळींना जो फायदा होता तोच. खाँसाहेबांना आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा, ही निवड तर सोन्याहून पिवळी.

यशातून चुकीचा धडा घेण्यात स्टुडिओंचा हात कुणी धरणार नाही. ‘क्लिओपात्रा’ने गाळात घातलेल्या फॉक्स कंपनीला १९६५ साली ‘साउंड ऑफ म्युझिक’ने वर काढलं. त्यांना वाटलं, लोकांना भव्य संगीतपट हवेत. मग ‘डॉक्टर डूलिटल’, ‘स्टार!’ आणि ‘हॅलो, डॉली!’. तिन्हींत पैसे बुडाले. ‘हॅलो, डॉली!’त संसाराचा अनुभव गाठीशी असलेली विधवा हवी होती, तिथे पंचविशीतली बार्ब्रा स्ट्रायसंड उभी केली. आवाज काय वर्णावा, पण वय कुठून आणणार? दिग्दर्शक होता जीन केली! वयाचीच चूक ‘डिअर एव्हन हॅन्सन’ने (२०२१) उलट बाजूने केली. मंचावर शोभलेला शाळकरी मुलगा क्लोजअपमध्ये पंचविशी उलटलेला दिसला आणि त्याच्या निरागसपणावरचा विश्वासच उडाला.

‘विकेड’बद्दल (२०२४) माझं मन द्विधा आहे. सिंथिया एरिव्हो आणि आरियाना ग्रांडे सेटवर गायल्या आणि काय गायल्या! पण मध्यंतरासकट पावणेतीन तासांत संपणाऱ्या नाटकाचा नुसता पहिला अंक दोन तास चाळीस मिनिटं चालतो. शेवटच्या ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’त दर कडव्याला धावपळ घुसवून गाणं इतकं ताणलंय की उड्डाणाच्या ऐन क्षणापर्यंत दम टिकवावा लागतो. तरी एरिव्हो उडते तेव्हा काटा येतोच, हेही कबूल. लोकांनी ७५ कोटी डॉलर्सच्या आसपास ओतले. त्याच्या थोडं आधी ‘वोन्का’ आणि ‘मीन गर्ल्स’च्या जाहिरातींत गाणी जवळपास लपवून ठेवली होती, जणू संगीतपट असणं हा आजार आहे. ‘विकेड’वाल्यांनी नाताळापासून प्रेक्षकांनी सोबत गायचे खास खेळच लावले. कल्पना धंद्याला चांगली असेल. मी जाणार नाही. संगीत नाटकाचा प्रेक्षक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडायचा, पण गायचं काम गायकाकडेच ठेवायचा.